विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानाची ‘कॅनोपी’ इतकी धास्ती का देते?

जून २०२४ मध्ये समाजमाध्यमांवर एक व्हिडीओ जगभर फिरला. नेदरलँड्सची एक महिला वैमानिक दोन आसनी ‘एक्स्ट्रा’ विमानात हवाई कसरतींचा सराव करत होती. अचानक डोक्यावरचे पारदर्शक आवरण उघडले आणि क्षणार्धात त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नाही, समोरून वाऱ्याचा मारा, श्वास घेणेही कठीण आणि पाहणेही. त्या अवस्थेत तिने विमान सुखरूप उतरवले. आवरण बंद ठेवणारी खीळ नीट अडकलीच नव्हती आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ते नजरेतून सुटले, हे तिने स्वतःच लिहिले.

या आवरणाला विमानाच्या भाषेत ‘कॅनोपी’ म्हणतात. त्या व्हिडीओतले विमान कारखान्यात तयार झालेले होते. पण जगात हजारो छोटी विमाने अशी आहेत, की त्यांची कॅनोपी कुणा शिक्षकाने, डॉक्टरने किंवा निवृत्त अभियंत्याने आपल्या गॅरेजमध्ये कापून, घासून, बसवलेली असते. विमान बांधणाऱ्या या हौशी मंडळींना सर्वांत अवघड टप्पा कोणता असे विचारले, तर अनेक जण इंजिनाचे किंवा पंखांचे नाव घेत नाहीत. ते कॅनोपीचे घेतात. असे का?

घरी विमान बांधायला परवानगी असते?

अमेरिकेत असते, आणि बरीच मोकळी. तिथल्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे ‘एफएए’च्या नियमांत ‘एक्स्पेरिमेंटल’ गटात ‘हौशी बांधणी’चा वर्ग आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम शिकण्यासाठी किंवा हौसेपोटी, स्वतःच्या हातांनी केलेले असावे, ही मुख्य अट. बोलीत याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. विमान तयार झाले की तपासणी होते आणि सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरावीक क्षेत्रातच चाचणी उड्डाणे करावी लागतात. या छंदाची मातृसंस्था ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केली. विस्कॉन्सिनमधील ऑशकॉशला दर उन्हाळ्यात भरणारा तिचा मेळावा म्हणजे या मंडळींची पंढरीची वारीच.

सगळेच शून्यातून सुरुवात करत नाहीत. बहुतेक जण ‘किट’ घेतात. ओरेगॉनमधील ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या कंपनीच्या ‘आरव्ही’ मालिकेतील ११ हजारांहून अधिक विमानांनी आजवर उड्डाण केले आहे. ‘आरव्ही’ ही संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या नावाची आद्याक्षरे. खोक्यांतून पत्रे, सांगाडे, हजारो रिव्हेट आणि आराखडे येतात. पुढे दीड-दोन हजार तासांचे काम, म्हणजे नोकरी सांभाळून काही वर्षे.

मराठी वाचकांना या संदर्भात एक नाव लगेच आठवेल, कॅप्टन अमोल यादव यांचे. मुंबईत कांदिवलीतील चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची ‘व्हीटी-एनएमडी’ अशी नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडले आणि उड्डाणाचा परवाना मिळायला ऑक्टोबर २०१९. आपल्याकडे विमान बांधण्यापेक्षा त्याचे कागद बांधणे जास्त लांबते, हे त्या तारखाच सांगतात. अमेरिकेत मात्र बांधणाऱ्याचा खरा शत्रू कागद नसतो. तो असतो प्लास्टिकचा एक फुगा.

काच का वापरत नाहीत?

कॅनोपी काचेची दिसते, पण छोट्या विमानांत ती बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. ‘प्लेक्सिग्लास’, ‘पर्स्पेक्स’ ही तिचीच व्यापारी नावे. आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात तेच कुळ, फक्त इथे दर्जा वेगळा. अ‍ॅक्रिलिकचे वजन काचेच्या जवळपास निम्मे असते आणि ते सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देते. मुख्य म्हणजे तापवले की ते मऊ होते. मोठा पत्रा भट्टीत तापवायचा, कडा चौकटीत घट्ट धरायच्या आणि हवेच्या दाबाने तो फुगवायचा. मधला भाग कशालाच टेकत नाही, त्यामुळे त्यावर साच्याचा ओरखडा उठत नाही आणि आरपार दिसणारे चित्र स्वच्छ राहते. बुडबुड्यासारखी कॅनोपी तयार होते ती अशी.

मग पॉलिकार्बोनेट का नको? हेल्मेटची काच त्याची असते, ते सहजी फुटत नाही. पण त्यावर चरे फार लवकर पडतात आणि इंधन किंवा सॉल्व्हंट लागले तर ते खराब होते. पाच वर्षांनी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उतरताना समोर धुके दिसणे कुठल्याच वैमानिकाला परवडत नाही. म्हणून ठिसूळपणा पत्करून अ‍ॅक्रिलिक निवडले जाते.

विषय थोडा बाजूला जाईल, पण अ‍ॅक्रिलिकच्या कॅनोपीची एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० मध्ये, ब्रिटिश हवाई दलातील गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या ‘हरिकेन’ विमानाची कॅनोपी गोळ्यांनी फुटली आणि तिचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. त्याच्यावर पुढे अनेक शस्त्रक्रिया झाल्या. अशा जखमी वैमानिकांना तपासताना हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले, की डोळ्यात राहिलेल्या या कणांना डोळा फारसा विरोध करत नाही. तोच धागा धरून त्यांनी अ‍ॅक्रिलिकचे भिंग तयार करून घेतले आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ते मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. आज आपल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत जी ‘लेन्स’ असते, तिचे मूळ लढाऊ विमानाच्या फुटलेल्या कॅनोपीत आहे.

‘मोठा काप’ म्हणजे काय?

‘आरव्ही-७’, ‘आरव्ही-८’ यांसारख्या किटमध्ये हा फुगा अखंड येतो. त्याचा पुढचा तुकडा कायमचा बसवायचा, तो झाला विंडस्क्रीन. मागचा तुकडा उघड-बंद होणार, ती कॅनोपी. म्हणजे एका अखंड बुडबुड्याचे आडवे दोन भाग करायचे. बांधणारे याला ‘मोठा काप’ म्हणतात. आपण जसे ‘मोठे ऑपरेशन’ म्हणतो, साधारण त्याच स्वरात.

आधी कडेची जादा पट्टी थोडी थोडी कापून फुगा सांगाड्यावर बसवून पाहायचा. पुन्हा उतरवायचा, पुन्हा थोडा कापायचा. वीस-पंचवीस वेळा हे चालते. त्यातच लक्षात येते, की खालचा पोलादी नळ्यांचा सांगाडाही विमानाच्या आकाराशी तंतोतंत जुळत नाही. मग तो वाकवा, जुळवा, पुन्हा फुगा चढवा. कापून झाले की शिवता येत नाही, म्हणून शिंप्यापेक्षाही सावधपणे खुणा केल्या जातात. मध्यरेषा, सांगाड्याची रेषा, कापण्याची रेषा, सगळे चिकटपट्टीवर आखून.

कापायला करवत चालत नाही. दात असलेले कुठलेही हत्यार अ‍ॅक्रिलिकच्या कडेला सूक्ष्म टवके पाडते. त्याऐवजी वेगाने फिरणारी घर्षणाची पातळ चकती वापरतात. ती कापत नाही, झिजवत जाते. तुकडे स्वतःच्या वजनाने लोंबकळून फाटू नयेत म्हणून कापलेल्या भागावर लगेच चिकटपट्टीचे पूल बांधायचे. फुग्याला आतून आणि बाहेरून आधार द्यायचा, म्हणजे थरथर कमी होते.

आणि हे सगळे उबेत. अ‍ॅक्रिलिक थंडीत जास्त ठिसूळ होते, म्हणून खोली पंचवीस अंशांच्या वर ठेवण्याचा संकेत आहे. उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशातले लोक कॅनोपीसाठी उन्हाळ्याची वाट पाहतात, नाही तर गॅरेजमध्ये हीटर लावून घाम गाळतात. हे काम विदर्भात मे महिन्यात काढले तर हीटरचा खर्च नक्कीच वाचेल.

एका भोकाने काय बिघडते?

खरी गोम इथे आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ‘स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन’ नावाचा धडा असतो. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडले, की भोकाच्या कडेला ताण साधारण तिप्पट होतो. भोक गोल नसून त्याला बारीकशी चीर असेल, तर चिरेच्या टोकाशी तो याहून कितीतरी वाढतो. अ‍ॅल्युमिनियम अशा वेळी किंचित दबून ताण वाटून घेते. अ‍ॅक्रिलिकला ती सवलत नाही. चिरेला विरोध करण्याची त्याची ताकद विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास असते. कडेवरचा नखाएवढा टवका आज निरुपद्रवी दिसतो आणि एखाद्या थंड सकाळी ‘टिक्’ असा आवाज करून वीतभर तडा होतो.

म्हणून धातूसाठीचे नेहमीचे ड्रिल इथे चालत नाही. त्याची धार पदार्थात घुसून ओढते आणि पलीकडे निघताना तुकडा उडवते. प्लास्टिकसाठी वेगळ्या कोनात घासलेली, अधिक टोकदार ड्रिल मिळतात. ती खरवडत जातात. पलीकडे लाकडाचा ठोकळा टेकवायचा, दाब जवळजवळ द्यायचाच नाही. भोक झाले की त्याच्या दोन्ही कडा हळूच गोलवायच्या. बाहेरच्या कापलेल्या कडाही सँडपेपरने घासत घासत, खरखरीतकडून बारीककडे जात, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत आणायच्या. विमानाचा कुठला भाग सुंदर दिसावा म्हणून घासतात, तर कुठला तडकू नये म्हणून. ही कड दुसऱ्या प्रकारातली.

त्यात तापमानाची भर. एक मीटर लांबीचे अ‍ॅक्रिलिक तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने सुमारे २.८ मिलिमीटर वाढते. तेवढेच अ‍ॅल्युमिनियम एक मिलिमीटरहून किंचित कमी. म्हणजे दोघांना घट्ट जखडले तर जवळपास दोन मिलिमीटरची ओढाताण. हिवाळ्यात अ‍ॅक्रिलिक आकसते, सांगाडा त्या मानाने कमी आकसतो आणि सगळा ताण भोकांवर येतो. यावरचा उपाय साधा आहे. भोक मुद्दाम मोठे ठेवायचे. रिव्हेट सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असेल, तर अ‍ॅक्रिलिकमधले भोक चार मिलिमीटरचे. रिव्हेट आवळायचा, पण गळा दाबायचा नाही. स्क्रू असेल तर नट घट्ट करून पुन्हा थोडा सैल करायचा. धातूकामात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सैल ठेवणे पटायला वेळ लागतो, आणि नेमके तिथेच तडे जातात.

तडा गेलाच तर? त्याच्या टोकाशी छोटे गोल भोक पाडून त्याची वाट अडवतात. त्यामुळे तो तिथे थांबू शकतो. पण नजरेसमोर ती रेघ कायमची राहते, आणि तडा मोठा असेल तर नवा फुगा मागवून पहिल्या कापापासून सुरुवात.

भोकाच्या कडेची ही नाजूक गोष्ट फक्त प्लास्टिकपुरती नाही, हे २०२३ मध्ये दिसले. व्हॅन्सच्या किटमधील लेझरने कापलेल्या काही अ‍ॅल्युमिनियम भागांत भोकांच्या कडांना तडे जात असल्याच्या तक्रारी आल्या. भाग बदलून देण्याचा भार मोठा होता, त्यात इतर आर्थिक अडचणींची भर पडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. पुढे ती सावरली. पण हजारो गॅरेजांत लोक भिंग घेऊन भोके तपासत बसले होते.

भोकेच नकोत, तर?

हा विचार अनेकांनी केला आणि रिव्हेटऐवजी चिकटवण्याचा मार्ग धरला. बोटी आणि बसच्या खिडक्यांसाठी वापरले जाणारे ‘सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही’ हे पॉलियुरेथेन त्यासाठी लोकप्रिय आहे. मोटारीची पुढची काचही आज साधारण याच पद्धतीने चिकटवलेली असते. कॅनोपी आणि सांगाडा यांच्यात छोटे ठोकळे ठेवून सुमारे तीन मिलिमीटरची फट राखतात आणि ती फट या रबरासारख्या गोंदाने भरतात. जाडी हवीच, कारण तापमानाची ती दोन मिलिमीटरची ओढाताण आता गोंदाने सोसायची असते. पातळ थर दिला तर तो फाटतो.

माझ्या मते हा मार्ग गणिताला अधिक पटणारा आहे. मात्र त्याची शिस्त वेगळी. पृष्ठभागाची सफाई, प्रायमर, तो सुकण्याची वेळ, यात टंगळमंगळ झाली तर सांधा बाहेरून झकास दिसतो आणि आतून सुटलेला असतो. रिव्हेट चुकला तर डोळ्यांना दिसते, गोंद चुकला तर दिसत नाही. पुढे कधी कॅनोपी बदलायची वेळ आली, तर तो काळा थर खरवडून काढणे ही शिक्षाच.

शेवटचा हात

विंडस्क्रीन आणि विमानाचे नाक जिथे मिळतात, तिथे फायबरग्लासची एक वळणदार पट्टी घडवावी लागते. ती वारा गुळगुळीत वळवते, पाऊस आत येऊ देत नाही आणि विंडस्क्रीनची कड धरूनही ठेवते. हे काम म्हणजे संयमाची परीक्षा. चिकटपट्टीने रेषा आखायची आणि रेषेखालचे चकचकीत अ‍ॅक्रिलिक मुद्दाम खरखरीत सँडपेपरने घासायचे, नाही तर इपॉक्सी धरणार नाही. इतके महिने जिवापाड जपलेल्या पृष्ठभागावर स्वतःच ओरखडे काढताना बहुतेकांचा हात आधी मागेच येतो.

पहिल्या थराच्या इपॉक्सीत काळा रंग मिसळतात, कारण तो थर आतून, वैमानिकाच्या नजरेसमोर, कायम दिसणार असतो. त्यावर काचतंतूच्या कापडाच्या वाढत्या रुंदीच्या पट्ट्या. त्यावर इपॉक्सीत सूक्ष्म पोकळ गोळ्या कालवून केलेली हलकी लांबी. मग घासणे. खड्डा दिसला की पुन्हा लांबी, पुन्हा घासणे. इपॉक्सी पूर्ण कडक होण्याआधी चिकटपट्टी उचलली नाही, तर रेषेची धार तुटते. या सगळ्यात सँडपेपर एकदा जरी पट्टीपलीकडे घसरला, तर चरा थेट डोळ्यांसमोर. त्यासाठी अ‍ॅक्रिलिकवरचे संरक्षक आवरण शेवटपर्यंत ठेवतात. मात्र ते वर्षानुवर्षे ठेवले, तर स्वतःच असे चिकटते की काढता काढता नाकी नऊ येतात.

कडी लागली का?

कॅनोपी दोन पद्धतींची असते. एक मागे सरकणारी, दुसरी पुढच्या बिजागरीवर बॉनेटसारखी वर उघडणारी. सरकणारी जमिनीवर थोडी उघडून वारा घेता येतो, उलट वर उघडणारीत पुढचा देखावा मोकळा मिळतो. वाद जुना आहे आणि तो मिटणार नाही.

दोन्हींत कळीचा भाग म्हणजे कडी. ताशी ३०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला चारशे किलोंच्या पुढे जातो. कॅनोपीच्या फुगीर माथ्यावरून हवा वेगाने जाताना तिथला दाब कमी होतो, म्हणजे कॅनोपी आत ढकलली जात नाही, बाहेर ओढली जाते. कडी अर्धवट लागली असेल तर जमिनीवर काहीच जाणवत नाही. वेग वाढतो तसा ओढा वाढतो आणि ती उघडते ती नेमकी उड्डाणाच्या पहिल्या मिनिटांत. पुष्कळदा विमान तरीही उडत राहते. अपघात होतो तो वैमानिक विमान सोडून कॅनोपी ओढायला जातो म्हणून. त्यामुळे प्रशिक्षकांचे सांगणे ठरलेले असते : आवाजाकडे दुर्लक्ष करा, वेग सांभाळा, उतरा. जाणकार बांधणारे मुख्य कडीशिवाय दुसरी कडीही बसवतात आणि धावपट्टीवर जाण्यापूर्वी नुसते पाहत नाहीत, हाताने ढकलून खात्री करतात.

तयार कॅनोपीची निगा हाही वेगळाच पाठ. पेट्रोल, अ‍ॅसिटोन, अमोनियाचे घरगुती काच-क्लीनर यांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये सूक्ष्म जाळीदार तडे पडतात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून वापरले जाणारे द्रावणही त्याला घातक. कोरडे फडके फिरवले तर धूळच सँडपेपरचे काम करते, म्हणून आधी भरपूर पाणी. वाकडी पारदर्शक पृष्ठे सूर्यकिरण एकवटतात, त्यामुळे कॅनोपी उघडी ठेवून विमान उन्हात सोडले तर आतले सामान करपण्याचे प्रकार ग्लायडरमंडळींना चांगले ठाऊक आहेत. म्हणून हँगरबाहेर उभ्या विमानावर कापडी झूल दिसते.

आणि कॉकपिटमध्ये हाताशी एक छोटा हातोडा किंवा टोकदार हत्यार. विमान उतरताना उलटले, तर सरकणारी असो वा वर उघडणारी, कॅनोपी जमिनीला टेकून अडकते. तेव्हा एका चऱ्यापासून जपलेले हे अ‍ॅक्रिलिक बांधणाऱ्यानेच फोडायचे असते.